नागपंचमीचं इंजेक्शन

बाळकुमच्या सहदेव भोईरांना तारीख विचारली तर ते तिथी सांगायचे. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. माणसाचं उभं आयुष्य मिठागरावर गेलेलं, आणि खाडीला तारखा कळत नाहीत. उधाण कुठल्या तिथीला, मिठागरात पाणी कधी घ्यायचं, बांध कधी जपायचा, सगळं चंद्रावर. पुढे मिठागर गेलं, घरच्या शेतावर बावीस मजली टॉवर उभे राहिले आणि त्यातले चौदाव्या मजल्यावरचे दोन फ्लॅट भोईरांच्या वाट्याला आले. पण तिथल्या खिडकीत उभं राहूनही म्हातारा आज षष्ठी की सप्तमी हे बोटांवर मोजूनच चहाला तोंड लावायचा.

त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तो गेल्या वर्षीच्या आषाढात. निघाला तेव्हाच मणक्यापर्यंत पोचलेला. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सरळ सांगितलं, "बरा होणार नाही, पण झोपवून ठेवता येईल. ही गाठ पुरुषाच्या हार्मोनवर पोसते. आपण इंजेक्शनने ते हार्मोन दाबून ठेवायचं. दर बारा आठवड्यांनी एक. चार-पाच दिवस इकडेतिकडे झाले तर चालेल, जास्त नाही. वेळेवर गेलं तर आजोबा आपल्या पायांनी चालतील. चुकलं तर पायांची खात्री मी देणार नाही." मग त्यांनी एक पिवळं कार्ड काढलं, त्यावर तारखांचे रकाने आखले आणि ते मुलाच्या नाही, सुनेच्या हातात दिलं. डॉक्टरांना माणसं कळत असावीत, किंवा दर्शनाचा चेहराच तसा असेल. कोपरीत लहानाची मोठी झालेली, बारावीला शाळेत दुसरी आलेली आणि लग्नानंतर वीस वर्षं या घरात सगळ्यांच्या गोळ्या, पासबुकं नि किल्ल्या सांभाळणारी बाई ती. ते कार्डही तिच्या पर्समध्ये गेलं.

पहिलं इंजेक्शन योगायोगाने नागपंचमीला पडलं. म्हाताऱ्याने तेवढंच पकडून ठेवलं. पुढचं दिवाळीनंतरच्या पंचमीला, मग वसंतपंचमीला, मग वैशाखातल्या पंचमीला. डॉक्टरांची तारीख आणि याची पंचमी यांत चार-पाच दिवसांचंच अंतर पडायचं. डॉक्टर हसून म्हणायचे, "चालेल, आजोबांचं पंचांग पक्कं आहे."

इंजेक्शनने गाठ झोपली, पण म्हाताऱ्यालाही बरंच काही सोसावं लागलं. भर थंडीत तो घामाने निथळायचा आणि बनियन ओढून काढायचा. दाढी विरळ झाली. छाती बायकांसारखी भरून आली, म्हणून तो घरातही शर्टाची वरची गुंडी लावून बसू लागला. आणि रडू यायला लागलं. बायको विमलाबाई गेली तेव्हा स्मशानात जो माणूस कोरड्या डोळ्यांनी उभा होता, तो टीव्हीवरच्या जाहिरातीला रडायचा. भाऊबीजेला मुलगी कल्पिता आणि जावई प्रीतम कल्याणहून आले, तेव्हा पानावर बसल्याबसल्या म्हाताऱ्याला घामही फुटला आणि हुंदकाही. प्रीतमने सगळ्यांच्या देखत म्हटलं, "काय मामंजी, या वयात मेनोपॉज?" सगळे हसले. मुलगा प्रफुल्लही हसला. दर्शना हसली नाही, पण गप्प राहिली. गप्प राहण्याची तिला सवयच होती, आणि ही सवय तिला वर्षानुवर्षं गुण म्हणून सांगितली गेली होती.

या वर्षी कार्डावर पाचवी तारीख होती अठरा जुलै. त्याच दिवशी अधिक श्रावण लागला, म्हणजे धोंड्याचा महिना. दर्शनाने आठवडाभर आधीच विषय काढला.

"बाबा, अठरा तारखेला इंजेक्शन आहे. गाडी सांगून ठेवू ना?"

"नागपंचमी कदी हाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. "एकवीस ऑगस्टला. पण बाबा, या वर्षी श्रावण दोन आहेत. नागपंचमी दुसऱ्या श्रावणात आलीय, म्हणून महिनाभर पुढे गेली."

"धोंड्याचा महिना मोजायचा नसतो, बाय. त्यात सुई टोचून घ्यायची नाय. नागपंचमीला घेऊ."

रात्री तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. प्रफुल्ल भोईर हे बाळकुमातलं वजनदार नाव. मंडळाचा अध्यक्ष, सोसायटीचा सेक्रेटरी, कुठेही गेला की लोक खुर्ची पुढे करत. त्याने मोबाइलवरची नजर न उचलता सांगितलं, "अगं, बाबा बोलतायत तर घेऊ ना नागपंचमीला. डॉक्टर बोललेले ना, इकडेतिकडे चालतं."

"चार-पाच दिवस म्हणाले होते. हा महिना होतोय."

"तू डॉक्टर झालीस काय? कल्पिता येणार हाय धोंड्याला, त्याचं बघ."

तिने तेही बघितलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा नंबरही लावला, पण पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर कापला. उद्या डॉक्टरांनी प्रफुल्लला फोन करून झापलं तर घरात काय होईल, हे तिला पाठ होतं. मग तिने अनारशांचे तांदूळ भिजत घातले. जावयाला तेहेतीस अनारसे आणि चांदीचा दिवा द्यायचा होता.

आणि गंमत अशी, की त्या महिन्यात म्हातारा खुलला. म्हणजे सगळ्यांना ती गंमत वाटली. ऑगस्ट लागला तसे घामाचे लोट थांबले, गालांवर खुंट दिसायला लागले, आवाज मोठा झाला. धोंड्याच्या दिवशी तो जावयाशेजारी पाटावर ताठ बसला. बांध फुटल्यावर तिघांनी रात्रभर चिखल टाकून खाडी कशी अडवली, ते त्याने रंगवून सांगितलं, आणि प्रीतमच्या पाठीत अशी थाप मारली की त्याच्या हातातला धोंडा ताटात पडला. रडण्याचं नाव नाही. कल्पिता म्हणाली, "बाबांना अधिक महिना मानवला." प्रफुल्लने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. बघितलंस, उगाच घाबरवत होतीस, असं त्याला म्हणायचं होतं. दर्शनालाही क्षणभर वाटलं, आपणच उगाच घाबरलो.

नागपंचमीला हॉस्पिटलातले डॉक्टर परगावी गेलेले निघाले, चार दिवसांनी येणार होते. पण म्हातारा अडून बसला, नागपंचमी म्हणजे नागपंचमी. मग प्रफुल्लने केमिस्टकडून इंजेक्शनची पेटी घेतली आणि बापाला वर्तकनगरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथली माणसं ओळखीची होती. दर्शना सोबत होती.

तिथे सिस्टर होती रसिका. तिशीची, किडकिडीत, डोंबिवलीहून यायची. तिने पेटीवरची मुदत वाचली, पावडर आणि द्रव वेगळं ठेवून हात धुतले आणि मग विचारलं, "आधीचं इंजेक्शन कधी झालं? कार्ड आहे?"

"कार्ड घरी राहिलं," प्रफुल्ल म्हणाला.

दर्शनाच्या मांडीवर पर्स होती. पर्सच्या आतल्या कप्प्यात कार्ड होतं. प्रफुल्लला ते माहीत होतं. लिफ्टमध्येच तिने त्याला दाखवलं होतं.

"कार्डाशिवाय देत नाही आम्ही," रसिका म्हणाली. "हे बाकीच्या इंजेक्शनांसारखं नाही. खूप उशीर झाला असेल तर आधी रक्त तपासून, गोळ्या सुरू करून मग द्यावं लागतं. म्हणून विचारते."

"किती दिवस त्याला?" प्रफुल्लने विचारलं.

"ते डॉक्टर ठरवतील. दोन आठवडे तरी."

म्हातारा खुर्चीत चुळबुळला. प्रफुल्लने घड्याळ बघितलं. खाली गाडी रस्त्यातच लावलेली, आणि मंडळाच्या गणपतीची मीटिंग. पण खरं कारण तेही नव्हतं. बापाचं इंजेक्शन महिनाभर चुकवलं, हे भोईरांच्या प्रफुल्लने एका पोरसवदा सिस्टरपुढे कबूल करायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. "वेळेवरच हाय सगळं," तो म्हणाला. "मागचं मेच्या वीस तारखेला झालेलं. तीन महिने झाले. डॉक्टरांना फोन लावा पाहिजे तर, ते ओळखतात मला."

रसिकाने फोन लावला. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी पलीकडून विचारलं, तिने वीस मे सांगितलं, त्यांनी द्या म्हटलं. फोन ठेवून तिने रजिस्टर ओढलं. लिहिण्याआधी तिने पुन्हा विचारलं, "नक्की वीस मे ना?" आणि ते विचारताना ती प्रफुल्लकडे नाही, दर्शनाकडे बघत होती.

पंचवीस एप्रिल. दोन शब्द बोलायचे, बस. दर्शनाने पर्सची चेन घट्ट धरली आणि मान हलवली. होकाराची.

रसिकाने लिहिलं, औषध कालवलं आणि म्हाताऱ्याच्या कमरेत सुई दिली.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याची पाठ दुखायला लागली. तो कण्हायचा नाही, पण उठताना भिंत धरायचा. दर्शनाने बाम चोळला, शेक दिला. आठव्या दिवशी तो म्हणाला, तळव्याला फरशी लागत नाही, कापसावर चालल्यासारखं वाटतं. प्रफुल्ल म्हणाला, वयच झालंय, उद्या बघू. दहाव्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. दर वर्षी पहाटे खाडीवर जाऊन नारळ सोडायचा, हा म्हाताऱ्याचा नेम. दर्शना नारळाला हळदकुंकू लावून खोलीत गेली, तर तो डोळे उघडे ठेवून पलंगावर पडलेला होता.

"बाय," तो म्हणाला, "माझे पाय खय गेले बघ. मना गावत नाय."

पाय चादरीखालीच होते. तिने चिमटा काढला. त्याला कळलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मणक्याचे फोटो काढले आणि आपला कागद काढला. त्यांच्याकडे पंचवीस एप्रिल लिहिलेलंच होतं. "एप्रिलनंतर थेट एकवीस ऑगस्ट? आणि आधी गोळ्या न देता?" ते ओरडलेच. मग आवाज खाली आणून त्यांनी समजावलं. हे इंजेक्शन पहिल्यांदा शरीरात जातं तेव्हा हार्मोन दाबण्याआधी काही दिवस उलट वाढवतं. म्हणून गेल्या वर्षी सुरुवातीला गोळ्या दिल्या होत्या. वेळच्या वेळी घेत राहिलं की पुन्हा उसळी येत नाही. पण मध्ये एवढा खंड पडला, गाठ जागी झाली आणि त्यावर तशीच सुई दिली. मणक्यातली गाठ फुगली आणि मज्जारज्जू दाबला गेला. पाठ दुखायला लागली त्याच दिवशी आणलं असतं तरी हातात काही राहिलं असतं.

"त्या नर्सिंग होमला तारीख सांगितली होती ना तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितली ना," प्रफुल्ल म्हणाला. "त्या सिस्टरने लक्षच दिलं नाही."

दर्शना तिथेच उभी होती.

ऑपरेशन झालं, किरणांचे शेक देऊन झाले. पाय आले नाहीत. गणपती गेले, नवरात्र गेलं. म्हातारा चाकाच्या खुर्चीत, लघवीची नळी नि पिशवी लावलेला, खिडकीपाशी. मधल्या काळात प्रफुल्ल मंडळाची सात-आठ पोरं घेऊन वर्तकनगरला जाऊन आला. टेबलावर हात आपटले, पेपरात देऊ म्हणाला. नर्सिंग होमने रजिस्टर दाखवलं. वीस मे. "ही तारीख आम्ही सांगितलेलीच नाय," प्रफुल्ल म्हणाला, "बाईने मनाने लिहिली." तिथल्या मॅनेजरने संध्याकाळी दर्शनाला फोन केला. बिचारा अदबीने बोलत होता. "वहिनी, तुम्ही होतात तेव्हा. रसिका सिस्टर म्हणते तुम्हीही मान हलवलीत. काय झालं होतं नक्की?"

प्रफुल्ल समोर जेवत होता. त्याने घास थांबवला नाही, पण चावणं थांबवलं.

"मला नीट आठवत नाही," दर्शना म्हणाली.

कार्ड न बघता इंजेक्शन दिलं म्हणून रसिकाला काढून टाकलं. तेवढ्यावर प्रफुल्ल शांत झाला. बापाला न्याय मिळवून दिला, असं तो चार लोकांत सांगायलाही लागला, आणि पुढेपुढे त्याला ते खरंच वाटायला लागलं असावं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी दर्शना सासऱ्याची कूस बदलत होती. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी बदलावी लागायची. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिला राहवलं नाही. "बाबा, त्या अधिक महिन्याने घात केला. मीच जोर लावून तुम्हाला न्यायला हवं होतं. तुमच्या मोजण्यात चूक झाली, आणि आम्ही—"

"माझ्या मोजन्यात चूक?" म्हाताऱ्याने मान वळवली. "पन्नास वरसं मिठागर केलं मी. अधिक महिन्यात उधान येत नाय काय? तवा बांध मोकला सोडतात काय? दर अधिकाला मोजलाय मी. कदी चुकलो नाय."

तिचे हात तसेच राहिले.

"जावई येनार होता," तो म्हणाला. "मना त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. एक डाव मना मानसासारखं बसायचं होतं. सुई लांबली की उतरतंय जरा, ते वसंतपंचमीच्या टायमाला कललेलं मना. पाच दिवस लांबलेली तवा. म्हटलं, एक महिना. एक महिन्याने काय होतंय?"

दर्शनाला राग आला, इतका की तिने हातातला टॉवेल भिंतीवर फेकला. "आणि त्या पोरीची नोकरी गेली. तुम्ही तिथे बसला होतात बाबा. हे खोटं बोलले ते ऐकलंत तुम्ही."

"तू पन आयकलंस."

"हे सगळं तुम्ही यांना सांगा. त्या नर्सिंग होमला सांगा."

"काय सांगू? म्हाताऱ्याला मर्द व्हायचं होतं म्हनून लंगडा झाला? सगलं बाळकुम हसंल." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इंजेक्शन पुन्हा लागू पडलं होतं. "तिला दुसरी नोकरी मिलंल. मना दुसरं नाव कुठून मिलनार, बाय?"

दुसऱ्या दिवशी दर्शना नर्सिंग होमच्या मावशीला, शेवंतीला, गाठून रसिकाचा पत्ता घेऊन डोंबिवलीला गेली. घरी माहेरी जाते म्हणून सांगितलं. जिन्यात पावलापावलाला ती मनाशी घोकत होती, आज सांगायचं, सगळं सांगायचं.

रसिकाने दार उघडलं आणि ओळखलं. आत या म्हणाली. आता ती कोणा म्हातारीकडे दिवसपाळीला जाते, पगार निम्म्याच्याही खाली, पण नोंदणी शाबूत आहे एवढं बरं, असं तिने कोरडेपणाने सांगितलं. दर्शना बोलत गेली. कार्ड तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. सासऱ्याचं, नवऱ्याचं, फोनचं, सगळं सांगितलं. रडली. बरं वाटलं तिला.

रसिका शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "हे तुम्ही लिहून द्याल?"

"देते ना. त्यासाठीच आलेय."

रसिकाने वहीचा एक कोरा कागद फाडला, पेन दिलं आणि शेजारी बसली. "फार काही नको. नवऱ्याने वीस मे ही खोटी तारीख सांगितली, कार्ड तुमच्याजवळ होतं, मी दोनदा विचारलं तरी तुम्ही दाखवलं नाहीत. खाली सही. तेवढ्यावर मला परत घेतील, घेतलं नाही तरी दुसरीकडे दाखवता येईल."

दर्शनाने लिहायला घेतलं. अक्षर तिचं पहिल्यापासून सुंदर. तारीख घातली, स्वतःचं पूर्ण नाव घातलं, सासऱ्यांचं नाव, आजार, इंजेक्शन, नर्सिंग होम. मग 'त्या दिवशी माझे' इतकं लिहून तिचा हात थांबला. पंख्याखाली कागदाचा कोपरा फडफडत होता, तो तिने डाव्या हाताने दाबून धरला.

"सिस्टर," ती शेवटी म्हणाली, "तारीख चुकीची सांगितली गेली, असं लिहिलं तर नाही का चालणार? यांचं नाव घालायलाच हवं का?"

रसिकाने तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी रजिस्टर पुढ्यात घेऊन बघितलं होतं, तशीच सरळ. मग तिने दर्शनाच्या बोटांतलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि चहा ठेवते म्हणून आत गेली.